बाथरूमला कडीपाट

बाथरूमच्या छताला लाकडी फळ्या लावायच्या म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा एकच विचारतो : कुजणार नाहीत का? कोकणात हा प्रश्न रास्त आहे. जेऊरला तो अर्धाच बरोबर ठरतो. करमाळा तालुक्यातलं हे रेल्वे स्टेशनचं गाव पर्जन्यछायेत येतं. कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याचा पाव हिस्सा इकडे पडला तरी लोक समाधान मानतात. उजनी धरणाचं पाणी जवळ आलं, ऊस आणि केळी आल्या, पण चैत्र-वैशाखातली दुपार होती तशीच राहिली. पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत लाकूड कुजण्याच्या आधी आकसतं, वाकतं आणि तडकतं. त्यामुळे जेऊरात बाथरूमचं लाकडी छत करायचं तर पाण्याइतकाच विचार उन्हाळ्याचा करायला हवा. तो विचार केला तर छत चांगलं टिकतं, आणि माझ्या मते कुठल्याही प्लास्टिकच्या पॅनेलपेक्षा देखणं दिसतं.

या भागाला लाकडी छत नवीन नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर या सगळ्या पट्ट्यात घरं माळवदाची असत. जाड दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचं म्हणजे लाकडाच्या बारीक चिरफळ्या, त्यावर पाला आणि वर हात-दीड हात मातीचा थर. ज्याची ऐपत होती तो किलचांच्या जागी रंधा मारलेल्या फळ्या बसवून घेई. त्याला कडीपाट म्हणत. वाड्यांमधून त्याच फळ्यांची नक्षीदार तक्तपोशी होई. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा. त्याचं सागवानी काम आजही पाहायला मिळतं. गोव्यातल्या जुन्या घरांतही कौलांखाली फळ्यांचं अस्तर असे. म्हणजे डोक्यावर फळ्या असणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मधल्या ४०-५० वर्षांत सिमेंटच्या स्लॅबने ती मोडली.

ती मोडायला कारणही तसंच घडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. गोल दगडांच्या, नुसत्या मातीत रचलेल्या भिंती हलल्या आणि वरचं ओझं खाली आलं. ते ओझं किती, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. एक फूट जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं. आता बाथरूमच्या फळ्यांचं वजन पाहा. अर्धा इंच जाडीची सागवानी फळी चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमचं सगळं छत, खालच्या-वरच्या रिपा धरून, ३५-४० किलोंत बसतं. जुन्या छताचं देखणेपण घ्यायचं आणि त्याचा भार सोडून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. वरची माती आता नाही, फक्त पाट उरले आहेत आणि ते स्लॅबला टांगलेले आहेत.

मात्र एक गोष्ट जुन्या घरात नव्हती. कडीपाट असे ओसरीला, माजघराला. न्हाणी बहुधा परसात, चुलाण्याशेजारी, वरून उघडी नाहीतर पत्र्याची. वाफ आणि फळ्या क्वचितच एका जागी येत. माळवदाला साणं म्हणजे छतातला झरोका असे, त्यातून धूर आणि दमट हवा वर निघून जाई. आता बाथरूम घराच्या पोटात आलंय. दार लावलं की बंद पेटी, वर गिझरचं किंवा सोलरचं कडकडीत पाणी. म्हणून जुन्यांचा अनुभव इथे आहे तसा उचलता येत नाही.

वाफ आणि फळ्या एकत्र नांदू शकतात का? याचं उत्तर जगाने कधीच दिलेलं आहे. फिनलंडमध्ये सौना म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली भिंतीपासून छतापर्यंत लाकडाची असते. ती तिथल्या जगण्यात इतकी मुरलेली आहे की २०२० साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जपानात हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडाची न्हाणीघरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांची छतं कित्येकदा मुद्दाम उतरती ठेवतात. फळीवर जमलेला थेंब अंगावर पडण्याऐवजी घरंगळत भिंतीकडे जातो. या दोन्ही ठिकाणी लाकूड रोज भिजतं आणि रोज वाळतं. अंघोळ आटोपली की दारं-झडपा उघडून खोली सुकवतात, फळ्यांच्या मागे हवेला वाट ठेवलेली असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात सतत ओल लागते. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर तिला पाय रोवता येत नाही. तासभर भिजून दिवसभर वाळणारी फळी तिला मानवत नाही. पाण्याची टाकी पाझरून महिनोन्‌महिने ओली राहिलेली फळी मात्र सागवानाची असली तरी जाते.

आता जेऊरच्या हवेकडे येऊ. लाकूड तोडून वाळवलं म्हणून त्याचा पाण्याशी संबंध संपत नाही. भोवतालच्या हवेत ओलावा वाढला की ते पाणी ओढून घेतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की सोडून देतं आणि आकसतं. मे महिन्यात चौकटीत खडखडणारं दार आषाढात घासायला लागतं, हा अनुभव घरोघरचा आहे. हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात सहा टक्के पाणी उरतं. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली की ते सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. म्हणजे एकाच फळीत वर्षभरात दहा टक्क्यांचा फरक. समुद्रकाठी हवा बारा महिने दमट, त्यामुळे तिथे हा झोका लहान असतो. आपल्याकडे तो मोठा आहे, आणि फळ्या बिघडतात त्या मुख्यतः त्यानेच.

या झोक्याने फळी किती हलते ते मोजता येतं. लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण ३० टक्के पाणी धरतात. तिथून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने पाच-सहा टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने अडीच टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळीची लांबी तशीच राहते, रुंदी बदलते. सहा इंची फळी घेतली तर मे ते ऑगस्ट तिची रुंदी जवळपास तीन मिलिमीटरनी बदलू शकते. साडेतीन इंची घेतली तर पावणेदोन. एका फळीचं हे काहीच वाटत नाही. पण पाच फूट रुंदीच्या छतात हिवाळ्यात अगदी घट्ट बसवलेल्या सगळ्या फळ्या पावसाळ्यात मिळून १५-१७ मिलिमीटर जागा मागतात. दोन्ही बाजूंनी भिंत असली की ती जागा मिळायची कुठून? मग छत खाली फुगतं, स्क्रू उपसतात, कडांचे तुकडे उडतात. पॉलिश चांगलं असेल तर हे सगळं हळू होतं आणि थोडं कमी होतं, थांबत मात्र नाही.

याच हिशोबातून दोन गोष्टी ठरतात. फळी अरुंद घ्यायची, तीन ते चार इंचांची. आणि तोंडावर कमानीसारखी नक्षी असलेल्या फळीपेक्षा सरळ समांतर रेषांची फळी निवडायची. कमानीवाली दिसायला मोहक असते, पण तिची रुंदी वलयांच्या दिशेने पडते, म्हणून ती दुप्पट हलते. वखारीत ढीग उपसून सरळ रेषांच्या फळ्या वेगळ्या काढायला वेळ लागतो, वखारवाला कुरकुरतो. तरी हा वेळ जरूर द्यावा.

अंघोळीच्या वाफेची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. पॉलिश केलेल्या फळीच्या आतपर्यंत ओल पोचायला दिवस लागतात, पंधरा मिनिटांच्या अंघोळीने तिच्या पोटात काही बदलत नाही. वाफेचा खरा त्रास पृष्ठभागावर होतो. पाच बाय सातच्या, नऊ फूट उंच बाथरूममध्ये नऊ घनमीटर हवा असते. २० अंशांच्या थंडीत ही सगळी हवा मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते, म्हणजे एक फुलपात्रही भरत नाही एवढं पाणी. जानेवारीच्या सकाळी बादलीभर कढत पाणी ओतलं की ही मर्यादा बघता बघता ओलांडली जाते आणि उरलेली वाफ थंड पृष्ठभागावर थेंब होऊन बसते. स्लॅब आणि फरशी थंड असतात, त्यांच्यावर आधी. लाकूड वाफेने लवकर कोमट होतं म्हणून त्यावर कमी थेंब धरतात. तरीही रोज तासन्‌तास ओल राहिली तर काळे ठिपके येतात. ती बुरशी लाकूड खाणारी नसते, पण छताची कळा घालवते.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. छताच्या लगेच खाली, भिंतीत सहा इंची एक्झॉस्ट फॅन. बाथरूमची हवा तासाला आठ-दहा वेळा बदलली तरी पुरते, म्हणजे ताशी ९० घनमीटर. साधा सहा इंची पंखा याहून कितीतरी जास्त हवा ओढतो. पण ओढायला हवा आत यायला पाहिजे. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट नसेल तर पंखा नुसता घुमतो. अंघोळीनंतर वीस मिनिटं तो चालू ठेवायचा. आणि पंख्याचं तोंड बाहेर, मोकळ्या हवेत निघालं पाहिजे. ते फळ्यांच्या वरच्या पोकळीत सोडलं तर घरातली सगळी वाफ नेमकी फळ्यांच्या पाठीवर जाऊन बसेल. असं काम पाहण्यात येतं म्हणून मुद्दाम सांगितलं. एरवी जेऊरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूची आहे. खिडकी उघडली की डिसेंबर ते मे बाथरूम तासाभरात खडखडीत होतं. रत्नागिरीच्या घराला ही सोय नाही.

लाकूड कोणतं? पैसे असतील तर सागवान, तेही गाभ्याचं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. गाभ्याभोवतीच्या पांढरट भागात ती नसतात. बल्लारशाच्या जंगलातल्या जुन्या झाडाचा गाभा मोठा, शेताच्या बांधावर पंधरा-वीस वर्षांत वाढवलेल्या सागात पांढरा भाग जास्त. त्यामुळे "सागवान आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. फळी उलटीपालटी करून कडेला पांढरा पट्टा किती आहे ते पाहावं. मला विचाराल तर जुनं घर पाडून निघालेलं सागवान सगळ्यांत उत्तम. ५०-६० वर्षं माळवदाखाली वाळलेलं ते लाकूड मुरलेलं असतं. फक्त चिरण्याआधी त्यातले खिळे एकूण एक काढावे लागतात, नाहीतर करवतीचं पातं जातं आणि चिरणाऱ्याच्या डोळ्यालाही धोका असतो. भुंग्याची बारीक भोकं आणि त्यांतून गळणारा पिठासारखा भुसा दिसला तर तो तुकडा घरात आणू नये.

जेऊर-कुर्डुवाडीच्या बाजूला आणखी एक मोह असतो : रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. सिमेंटचे आले आणि लाकडी निघाले. लाकूड भक्कम, जाड, स्वस्तात मिळालं तर कोणालाही वाटेल की चिरून फळ्या काढाव्यात. हे करू नका. वाळवी आणि पावसापासून वाचवायला असे स्लीपर डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलात मुरवलेले असत. ते तेल आतपर्यंत गेलेलं असतं, उन्हाळ्यात पाझरतं, वास मारतं, कातडीला आणि श्वासाला घातक असतं. बंद, उष्ण, दमट खोलीत डोक्यावर ते नकोच.

परदेशी मालाच्या खोक्यांचं पाइन स्वस्त मिळतं. त्यावरचा ठसा वाचावा. 'एचटी' असेल तर ते उष्णता देऊन किडीमुक्त केलेलं असतं : लाकडाच्या पोटात ५६ अंश तापमान अर्धा तास. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडून द्यावं. पण 'एचटी' म्हणजे पुढच्या किडीपासून संरक्षण नव्हे. असल्या पाइनला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून वाळवलं तर भुंगा, वाळवी आणि बुरशी तिन्ही लांब राहतात. हे द्रावण पावसात धुऊन जातं, छताला मात्र चालतं, कारण वरून पॉलिश बसतं. रानातली बाभूळ आपल्या सगळ्यांच्या मायेची. नांगर, वखर, गाडीची चाकं तिने पिढ्यान्‌पिढ्या पेलली. पण ती जड आहे, पिळाची आहे, भराभर वाळवली की फाटते. छताला सरळ दाण्याचं हलकं लाकूड लागतं, तिथे बाभळीला वेठीला धरू नये.

लाकूड आणण्याआधी वर पाहावं. छताच्या वर गच्ची असेल तर कोबा तडकलाय का, वर दुसरं बाथरूम असेल तर त्याची फरशी पाझरते का? वरच्या मोरीचं तोंड कापडाचा बोळा घालून बंद करायचं, दोन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि एक-दोन दिवस खालून स्लॅबवर नजर ठेवायची. डाग उमटला तर आधी तो बंद करायचा. फळ्यांनी ओल झाकली जाते, थांबत नाही, आणि झाकलेली ओल स्लॅबची सळई गंजवते. नवीन बांधकाम असेल तर प्लास्टरमधलं पाणी बाहेर पडायला निदान एक-दोन महिने द्यावेत. दिवाळीतल्या वास्तुशांतीसाठी दसऱ्याला प्लास्टर आणि आठवड्यात छत, ही घाई फार महागात पडते.

मग फळ्या वाळवणं. दुकानदार "सीझन केलेलं" म्हणतो ते खरं असलं तरी ते त्याच्या गोदामाच्या हवेला सरावलेलं असतं. फळ्या घरी आणून, सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या. पट्ट्या एकाखाली एक एका रेषेत हव्यात, नाहीतर फळी तिथेच बाक घेते. टोकांना मेण किंवा रंग लावायचा, कारण टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत-बाहेर करतं आणि तिथूनच फळी फाटायला सुरुवात होते. फळ्या झाल्या की नाही हे कळायला यंत्रच लागतं असं नाही. ढिगातली एक फळी निवडून तिच्यावर खूण करायची आणि दर रविवारी ती किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवायची. पहिल्या आठवड्यात चांगलीच हलकी होते, मग कमी, मग काटा तिथल्या तिथे थांबतो. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच भरलं म्हणजे फळी हवेशी बरोबरीला आली. मिस्त्री हसले तरी हरकत नाही, ही पद्धत पक्की आहे.

कधी लावायचं हेही याच हिशोबातून निघतं. भर मे महिन्यात फळी वर्षातली सगळ्यांत अरुंद असते. तेव्हा घट्ट बसवलं की पावसाळ्यात छत फुगणार. श्रावणात ती सगळ्यांत रुंद असते. तेव्हा बसवलं की उन्हाळ्यात ठळक फटी. जेऊरला योग्य काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा लाकूड दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण मधोमध असतं. भारतीय मानक ब्युरोचं आयएस २८७ हे मानक याच तत्त्वावर उभं आहे. त्याने हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत आणि विभागागणिक लाकडात किती पाणी चालेल ते ठरवून दिलंय. मुंबईचं लाकूड मुंबईला, जेऊरचं जेऊरला, एवढा साधा त्याचा अर्थ.

पॉलिश छतावर चढवल्यावर करायचं नाही, आधी करायचं, चारही बाजूंनी. नुसत्या दर्शनी बाजूला हात मारला तर कोरी पाठ पाणी पिते, पुढची बाजू पीत नाही, आणि फळी पन्हळीसारखी वाकते. बाथरूमला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चांगलं. जवसाचं उकळलेलं तेलही लाकडाला शोभा आणतं, पण ते वारंवार द्यावं लागतं आणि दमटपणात त्यावर बुरशी लवकर धरते. तेल वापरलंच तर एक गोष्ट जिवाची समजून पाळावी. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका आणखी मोठा. फडकी उलगडून वाळत घालावीत, नाहीतर पाण्यात बुडवावीत.

आता प्रत्यक्ष काम. स्लॅबमध्ये भोकं पाडण्याआधी विजेचे पाइप कुठून गेलेत ते वायरमनकडून खडूने आखून घ्यायचं. भिंतीला चालणारी प्लास्टिकची गिट्टी छताला चालत नाही, वजन सरळ खाली ओढतं आणि ती सुटते. लोखंडी अँकर फास्टनर वापरायचे. त्यांनी एक इंची रिपांची पहिली ओळ दीड-दोन फुटांवर घ्यायची, तिच्यावर आडवी दुसरी ओळ दीड फुटाच्या आत. दुहेरी रिपांनी दोन इंच पोकळी मिळते आणि हवा दोन्ही दिशांनी फिरते. एकाच ओळीत प्रत्येक रीप हवेचा बांध होते. रिपांची लेव्हल पाण्याच्या नळीने बघायची, स्लॅब कधीच सपाट नसतो. रिपाही वाळलेल्या आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवलेल्या हव्यात, नाहीतर वाळवी आधी त्यांना धरते आणि खालून कळतही नाही.

फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी जीभ असते. स्क्रू जिभेच्या मुळाशी तिरपा मारायचा, पुढच्या फळीच्या खाचेत तो झाकला जातो. प्रत्येक फळी एकाच कडेने धरलेली असते, दुसरी कडा आकसायला-फुगायला मोकळी राहते. दोन्ही कडांना स्क्रू मारले की फळी मधोमध फाटलीच म्हणून समजा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की काळे ओघळ उतरतात, ते रंध्यानेही जात नाहीत.

इथे मालक आणि मिस्त्री यांच्यात ठरलेला संवाद होतो.

"मिस्त्री, मध्ये फटी नकोत हं. एकदम टाइट बसवा."

"बसवतो की मालक. पण आखाडात छत पोट काढंल, मग मला फोन करू नका."

मिस्त्री बरोबर आहे. हिवाळ्यात बसवताना साडेतीन इंची फळ्यांत एकेक मिलिमीटर सोडावा. तेवढ्याच जाडीचा पत्र्याचा तुकडा मध्ये धरला की अंतर सारखं येतं. जीभ सहा मिलिमीटरची असेल तर फट कितीही उघडली तरी वरचं काही दिसत नाही. चारही भिंतींपासून दहा मिलिमीटर जागा ठेवायची आणि ती बीडिंगने झाकायची. बीडिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींशी बीडिंगमागे बारीक वाट राखली की पोकळीतली हवा खेळती राहते. वरून नळाचा पाइप किंवा वायरचा जोड जात असेल तिथे एक-दीड फुटाचा चौकोन वेगळा, समोरून स्क्रूने काढता येईल असा बसवावा. दिवे पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारे, आयपी ४४ किंवा वरचे, आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारं बटण, असल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नये.

या सगळ्याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तो उष्मा खाली सोडत राहतो. लाकूड उष्णतेला सिमेंटच्या दहा-बारा पट अडवतं. म्हणजे अर्धा इंच फळी जवळजवळ पाच इंच स्लॅबइतका अडसर घालते, पोकळीतल्या हवेचा आणखी वेगळा. माळवदाच्या घरात मे महिन्यात जो गारवा लागे, तेवढा काही मिळणार नाही, ती किमया जाड मातीची होती. पण रात्री नवाला अंघोळीला गेलं की डोक्यावरची झळ कमी झालेली कळते.

खिडकी नाही, पंखा बसवायला बाहेरची भिंत नाही, वर दुसऱ्याचा संडास आहे, अशा फ्लॅटमध्ये हा घाट घालू नये. तिथे पीव्हीसी पॅनेल बरं. ते भिजत नाही, फुगत नाही, पुसता येतं. पेटलं तर मात्र त्याचा धूर विषारी असतो, म्हणून दिवा आणि गिझरच्या वायरी त्याला टेकू देऊ नयेत. प्लायवूडच वापरायचं तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं घ्यावं. त्याच्या डिंकाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात.

पहिल्या वर्षी छताकडे अधूनमधून बघत राहावं. एप्रिल-मेमध्ये फळ्यांमधल्या फटी दीड-दोन मिलिमीटरपर्यंत उघडतील, शांत रात्री एखादा 'टक्‌' असा आवाजही येईल. घरातलं कोणीतरी लगेच लांबी भरून घ्या म्हणेल. भरू नका. पाऊस सुरू झाला की त्या आपोआप मिटतात, आणि मध्ये लांबी घट्ट झालेली असेल तर मिटायला जागाच राहत नाही. भाद्रपदात जिथे दोन फळ्या एकमेकींना टेकून खाली फुगलेल्या दिसतील, तेवढी एक फळी सोडवून तिच्या कडेवरून रंधा फिरवायचा, पॉलिशचा हात देऊन परत बसवायची.